पावसाळा आला की कोर का पडतात? ११५० ला नाही, ६०० च्या खाली बघा

सलग तीन वर्षं हाच तमाशा. मार्च-एप्रिलला सगळं झकास, आणि एकदा का जून उजाडला, बेळगावच्या उद्यमबागेतल्या रस्त्यावर चिखल झाला, की आमचे कोर, म्हणजे निकेलच्या पट्टीच्या चुंबकीय रिंगा, फेल व्हायला सुरुवात. पट्टी तीच, प्रोग्राम तोच, ११५० डिग्रीला चार तास, हायड्रोजन तोच, आणि जुलैत गिऱ्हाईकाचा फोन, "अहो काका, ह्या लॉटचा इंडक्टन्स निम्म्याच्या पण खाली यायलाय, काय केलासा?" मी काय केलो, काहीच केलो नाही, हाच तर प्रॉब्लेम होता हे नंतर कळलं.

आधी माल कुठला ते सांगतो, नाहीतर खाली गोंधळ होईल. आमच्याकडं ८० टक्क्यांच्या आसपास निकेल, ४-५ टक्के मॉलिब्डेनम आणि बाकी लोखंड अशी पट्टी येते, ०.१ मिलिमीटर जाडीची, ती गुंडाळून रिंग करायची, थरांमध्ये मॅग्नेशियाची पावडर, मग भट्टी. हे कोर जातात लिकेज ट्रिप करणाऱ्या स्विचमध्ये, घरातल्या बोर्डात असतो तो, ३० मिलीॲम्पियर कुठं गळाली की खट्‌कन पडणारा. एवढ्या बारीक करंटवर स्विच पडायचा म्हणजे कोरची सुरुवातीची पर्मिअ‍ॅबिलिटी तगडीच लागते, म्हणजे जरासं फील्ड दिलं तरी माल पटकन चुंबक व्हायला पाहिजे; नुसतं सॅच्युरेशन, म्हणजे जास्तीत जास्त किती चुंबक होतो ते, बघून भागत नाही. हे आधीच सांगतो कारण पहिल्या वर्षी आमचा एकजण जास्त करंट सोडून सॅच्युरेशन मोजत बसला आणि "माल एकदम ओके आहे" म्हणून सांगून मोकळा झाला. ह्या आजारात सॅच्युरेशन जवळपास तेवढंच राहतं, पडते ती छोट्या सिग्नलवरची पर्मिअ‍ॅबिलिटी.

मोजायचं कसं ते पण सांगून टाकतो, निम्मी भांडणं मोजण्यातच होतात. समजा रिंगचा बाहेरचा व्यास ३० मिमी, आतला २०, उंची १०. पट्टीची भरण ९० टक्के धरली तर धातूचा छेद ४५ चौरस मिमी, आणि चुंबकीय वाट साधारण ७८.५ मिमी. रिंगवर तारेचे १० वेढे मारून मीटर लावला आणि पर्मिअ‍ॅबिलिटी ८० हजार असली तर इंडक्टन्स ५.८ मिलिहेन्रीच्या आसपास यायला पाहिजे. आमच्या पडलेल्या लॉटमध्ये २.२ यायचा, म्हणजे तीस हजारावर आला की माल. मोजताना करंट बारीक ठेवा, ह्या साईजला १० वेढ्यांत ३ मिलीॲम्पियर म्हणजे ०.४ ॲम्पियर प्रति मीटर फील्ड, तेवढंच पुरे. आणि फ्रिक्वेन्सी ५० किंवा १०० हर्ट्झ. एलसीआर मीटर, म्हणजे इंडक्टन्स मोजायचा मीटर, बऱ्याचदा आपोआप १ किलोहर्ट्झवर उठतो आणि तिथं चांगला कोर पण वाईट दिसतो, कारण एवढ्या पर्मिअ‍ॅबिलिटीच्या मालात १ किलोहर्ट्झला फील्ड जेमतेम ०.०४ मिमी आत शिरतं आणि पट्टी आहे ०.१ ची, मधला भाग बसलाय नुसता. आमचा एक अख्खा लॉट ह्या मीटरच्या बटणापायी रिजेक्टच्या खोक्यात जाऊन पडला होता, भट्टीचा काय एक दोष नव्हता त्यात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. पावसाळ्यात पडतं म्हटल्यावर कुणाच्याही डोक्यात पहिलं काय येणार, ओलावा. आमच्या पण तेच आलं. बेळगावचा पाऊस कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, एकदा लागला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत तर गॅस काय वाळणार. म्हणून गॅस ड्रायर खोललो, आतली ओलावा शोषणारी सीव्ह बदललो, पाईपाचे जॉइंट साबणाच्या पाण्यानं तपासलो, गॅसमधल्या ओलाव्याचं दव किती डिग्रीला पडतं ते सांगणारा ड्यू पॉइंट मीटर लावलो. उणे ४० च्या खाली पाहिजे असतो, आमचा उणे १८ दाखवत होता एकदा. बरं, सीव्ह बदलल्यावर तो खाली गेला, दोन लॉट चांगले आले, आम्ही पेढे वाटायचं तेवढं बाकी होतं, आणि तिसरा लॉट परत २.२. ड्यू पॉइंट उणे ४५, कोर चांदीसारखे चकचकीत, आणि इंडक्टन्स २.२. तेव्हा डोकं फिरलं.

भट्टीवाल्याला बोलावलो. त्यानं चार्ट बघितलं, ११५० बरोबर आहे म्हणाला, थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, बदला म्हणाला, बिल लावलं आणि गेला. नाव घेत नाही, पण ११५० च्या पलीकडं त्यानं बघितलंच नाही, आणि खरं सांगायचं तर तोवर मी पण बघितलं नव्हतं. सगळ्यांचं लक्ष वरती, किती तापलं, किती वेळ तापलं. खाली कसं उतरलं हे कोण बघतंय.

धागा लागला तो रजिस्टरमुळं. रात्रपाळीचा आमचा ऑपरेटर हुक्केरीकडचा, तो रजिस्टर कन्नडात लिहितो. मला कन्नड बोलायला येतं चांगलं, पण त्याचं अक्षर वाचायला डॉक्टरच लागतोय, म्हणून मी नुसतं चार्टच्या कागदावर भागवायचो. एका रविवारी बसून मागचे सगळे पडलेले लॉट आणि रजिस्टर जोडीनं काढलो, त्यालाच शेजारी बसवून वाचून घेतलो, तर तेरापैकी नऊ ठिकाणी एकच वाक्य, "करेंट होयितु, निधान तण्णगायितु". लाईट गेली, हळू गार झालं. बस्स. तीन वर्षं उत्तर कपाटात पडलं होतं आणि आम्ही साबणाचे फुगे बघत होतो.

आता हळू गार झालं तर बिघडलं काय? भट्टीतली कुठलीही गोष्ट हळू गार केलेली बरी असं आपण शिकलेलो असतोय, ताण राहत नाही म्हणून. साध्या लोखंडाला ते खरं आहे. निकेल-लोखंडाच्या ह्या मालाला अर्धंच खरं आहे, कारण ह्याच्यात अणू बसण्याची भानगड आहे.

कसं ते पंगतीवरनं सांगतो. तीन निकेलमागं एक लोखंड असा हिशोब धरा. वर ६००-७०० डिग्रीला सगळे अणू उभ्यानंच फिरायलेत, कोण कुठंही, निकेलच्या जागी लोखंड, लोखंडाच्या जागी निकेल, पंगत लागलेली नाही. साधारण ५०० डिग्रीच्या खाली आलं की त्यांना ठरलेल्या जागा घ्याव्या वाटतात, घनाच्या आठ कोपऱ्यांवर लोखंड आणि सहा बाजूंच्या मध्यावर निकेल, अशी शिस्तीत पंगत. पण जागा बदलायला वेळ लागतो, आणि जसजसं गार होतंय तसतसे पाय जड होतात, ३५० च्या खाली तर कोण जागचं हलत नाही. म्हणजे सगळा खेळ ६०० ते ३५० मधला. ह्या पट्ट्यातनं पटकन उतरलात तर ते आहेत तसेच गोठले, विस्कळीत. रेंगाळलात तर त्यांनी पंगत मांडली.

पंगत मांडली तर चांगलंच की, असं वाटेल. नाही. चुंबकत्वाला क्रिस्टलमध्ये एखादी दिशा लाडकी असली की ते दुसरीकडं वळायला कुरकुर करतंय, ह्याला अ‍ॅनिसोट्रॉपी म्हणतात, आणि मऊ चुंबकीय मालात आपल्याला ती जवळपास शून्य पाहिजे असते, म्हणजे बोटभर फील्ड दिलं तरी चुंबकत्व वळलं पाहिजे. ७५ टक्के निकेलच्या आसपास विस्कळीत मालात ती शून्याजवळ असते. पंगत लागली की ती उणे बाजूला घसरते, चांगलीच घसरते, आणि पर्मिअ‍ॅबिलिटी धाडकन पडते. दुसरा एक उपद्रव पण आहे, चुंबकत्व जागं असताना, म्हणजे क्युरी तापमानाच्या खाली, माल रेंगाळला तर अणूंच्या जोड्या प्रत्येक डोमेनच्या, म्हणजे एकाच दिशेला चुंबकत्व असलेल्या छोट्या भागाच्या, दिशेनं लागतात आणि डोमेनच्या भिंती आहेत तिथं चिकटून बसतात, मग छोटा सिग्नल त्यांना हलवू शकत नाही.

हे काय आपण नव्यानं शोधलेलं नाही. १९२३ ला अर्नोल्ड आणि एल्मेन ह्या दोघांनी पर्मॅलॉय, म्हणजे हाच निकेल-लोखंडाचा माल, जगापुढं मांडलं तेव्हाच दिसलं होतं की ७८ टक्क्यांच्या मालाला वरनं हळू गार केलं तर तो मामुली निघतोय, आणि परत ६०० पर्यंत तापवून तांब्याच्या पत्र्यावर टाकून हवेत झटकन गार केलं तर अव्वल. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कहून अझोर्स बेटांकडं समुद्रातनं टाकलेल्या तारायंत्राच्या केबलवर त्याची पट्टी गुंडाळली पण. म्हणजे माल विकला, वापरला, आणि असं का होतंय ते नंतर बऱ्याच वर्षांनी कळलं, कारण लोखंड आणि निकेल हे आवर्त सारणीत २६ आणि २८ नंबरचे, एक्स-रेला दोघं जवळपास सारखेच दिसतात, पंगत लागली का नाही हे दिसणारच कसं. मला हे वाचून जरा बरं वाटलं, आपणच काय ते गाढव नाही.

मग ह्यात मॉलिब्डेनम कशाला घालतात? तो पंगतीत मध्येच उभा राहणारा दांडगा मामा. त्याच्यामुळं बाकीच्यांना जागेवर जायला वेळ लागतो, म्हणजे अणूंची मांडणी सावकाश होते आणि आपल्याला तांब्याचे पत्रे न घेता भट्टीतच गार करण्याइतपत सवड मिळते. वर रेझिस्टिव्हिटी, म्हणजे विजेला अडवणं, वाढते, पट्टीत उगाच गोल फिरणारे एडी करंट कमी. १९४७ चं सुपरमॅलॉय हे ह्याच वळणाचं, ७९ निकेल, ५ मॉलिब्डेनम. पण फुकट काय नसतंय. मॉलिब्डेनमच्या मालात पूर्ण विस्कळीत असतानाची अ‍ॅनिसोट्रॉपी शून्याच्या थोडी वर असते, थोडीशी मांडणी लागू दिली की शून्यावर येते, जास्त लागू दिली की शून्याच्या खाली. म्हणजे फार जोरात गार केलं तरी पडणार, फार हळू केलं तरी पडणार. मधेच कुठंतरी एक बरोबर स्पीड आहे, आणि तो स्पीड पट्टीच्या नेमक्या रचनेवर ठरतो, निकेल अर्धा टक्का इकडंतिकडं झालं तरी बदलतो. म्हणून "मागच्या वर्षी हाच प्रोग्राम चालला होता की" ह्याला काय अर्थ नाही.

बरं आता उपाय. सगळ्यात आधी आजार कुठला ते ओळखायचं, नाहीतर आमच्यासारखं सीव्ह बदलत बसाल.

६०० ची टेस्ट करा. पडलेल्या लॉटमधले सहा कोर घ्या, नंबर टाका, इंडक्टन्स लिहून ठेवा. छोट्या ट्यूब फर्नेसमध्ये सुक्या गॅसखाली ६०० ते ६२० पर्यंत तापवा, अर्धा तास धरा. मग दोन कोर ट्यूबच्या गार टोकाला ओढून झटकन गार, दोन कोर मिनिटाला ४ डिग्रीनं, दोन कोर मिनिटाला १ डिग्रीनं. सगळे परत मोजा. ६०० ला पंगत मोडते, अणू परत विस्कळीत होतात, म्हणजे बिघाड अणूंच्या मांडणीचा असेल तर तो पुसला जातो आणि तुम्ही नव्यानं सुरुवात करताय. पण ६०० ला सल्फर, कार्बन, ऑक्सिजन बाहेर निघत नाहीत, बारीक राहिलेले ग्रेन, म्हणजे धातूतले दाणे, मोठे होत नाहीत. त्यामुळं माल सुधारला तर दोष उतरण्यात, नाही सुधारला तर दोष वर किंवा गॅसमध्ये.

आमच्या त्या चकचकीत लॉटचे आकडे असे आले: झटकन गार केलेले ४.१, मिनिटाला ४ वाले ५.६, मिनिटाला १ वाले २.०. आता बघा, ६०० ला नुसतं अर्धा तास ठेवून २.२ चा कोर ५.६ झाला. ११५० ला काय एक चूक नव्हती त्याची. आणि मिनिटाला १ वाला जुन्या आजारावर परत आला, म्हणजे चोर आरशात दिसला.

आणखी एक लॉट होता, तो वेगळा निघाला. त्याच्या कडा मळकट करड्या, ६०० ची टेस्ट केली तर २.६ चा २.९ झाला, म्हणजे नाहीच. तो ड्यू पॉइंट उणे १८ असतानाचा. त्याला परत ११५० ला सुक्या हायड्रोजनमध्ये घातला तेव्हा पाचवर आला. म्हणजे एकाच पावसाळ्यात दोन आजार चालू होते आणि एकाचं औषध दुसऱ्याला देत होतो, म्हणून कधी गुण यायचा कधी नाही. तेलकट पट्टीचं पण असंच, रोलिंगचं तेल नीट धुतलं नाही तर त्यातला सल्फर आणि कार्बन आत जातो, तो पण ६०० च्या टेस्टला दाद देत नाही.

दोष उतरण्यात आहे हे कळल्यावर पुढचा प्रश्न, चार्टवर तर ताशी २४० डिग्री, म्हणजे मिनिटाला ४, दिसत होते, लाईट न गेलेल्या दिवशीही चार लॉट का पडले? इथं आमची लाज आहे, पण सांगतो. चार्टचं थर्मोकपल रिटॉर्टच्या, म्हणजे माल ठेवायच्या बंद भांड्याच्या, भिंतीजवळ, बाहेरच्या अंगाला. गणपतीच्या आधी ऑर्डरी उरकायच्या म्हणून लोड वाढवला होता, ८० किलोच्या जागी १४० किलो, ट्रेवर ट्रे ठासून. बाहेरची भिंत ब्लोअरनं मस्त गार व्हायची, मधले कोर मात्र भाकरीच्या दुरडीतल्या मधल्या भाकरीसारखे गरम. एक लांब थर्मोकपल आणून मालाच्या अगदी पोटात घातलो तेव्हा कळलं, ५५० ते ४५० मध्ये बाहेर ताशी २४० आणि आत ताशी ९०. त्या ट्रेचे बाहेरचे कोर पास, मधले फेल. तुमच्याकडं एकाच लॉटमध्ये निम्मे चांगले निम्मे वाईट येत असतील तर भट्टीतली जागा लिहून ठेवायला लागा, दोन फेऱ्यांत कळतंय.

मग आम्ही काय बदललो:

लोड ८० किलोवर आणला, ट्रेमध्ये दोन बोटं फट ठेवतो. मालक लोकांना हे पचत नाही, मला पण नव्हतं पचलं, पण रिजेक्टचे कोर मोजले की पचतंय.

थर्मोकपल मालाच्या पोटात कायमचं, आणि प्रोग्राम त्याच्यावर चालतो, भिंतीवरच्यावर नाही.

कूलिंग ब्लोअर जनरेटरवर घेतला. आधी जनरेटरवर कंट्रोल पॅनल आणि लाईट तेवढीच होती, म्हणजे लाईट गेल्यावर भट्टीला सगळं कळत होतं, करता काही येत नव्हतं. माल ५५० ला असताना लाईट गेली की गरम झाकणाखाली दीड-दीड तास तसाच, अणूंना पंगत मांडायला ह्यापेक्षा सोय कुठली.

आणि हे सगळ्यात कामाचं, जनरेटर पण चालू झाला नाही तर काय करायचं ते. लाईट ६५० च्या वर असताना गेली, काळजी नको, आली की पुढं चालू. ३५० च्या खाली गेली, तरी काळजी नको, अणू झोपलेत. ६०० ते ३५० मध्ये गेली आणि १०-१५ मिनिटांपेक्षा जास्त गेली, तर लाईट आल्यावर पुढं गार करत जाऊ नका. परत ६५० पर्यंत चढवा, मालाच्या पोटातलं थर्मोकपल ६५० दाखवेपर्यंत थांबा, वर अर्धा तास, आणि नव्यानं उतरवा. पूर्ण ११५० चा फेरा परत करायची गरज नाही, हायड्रोजन वाचतो, रात्र वाचते. हे एक वाक्य आम्ही भट्टीच्या दारावर मराठीत आणि कन्नडात दोन्हीत लिहून चिकटवलंय, आकडे मोठ्या अक्षरात.

लाईट गेल्यावर हायड्रोजनचं मात्र लक्षात ठेवा, नायट्रोजनचा व्हॉल्व्ह असा पाहिजे की करंट गेला की तो आपोआप उघडेल. घाईघाईत माणसानं उघडायचा व्हॉल्व्ह आणि अंधार, ह्या दोन गोष्टी हायड्रोजनच्या शेजारी नकोत. आणि ६०० ची टेस्ट ट्यूबमध्ये हायड्रोजन घालून करणार असाल तर आधी आणि नंतर नायट्रोजन सोडायचा म्हणजे सोडायचाच, गार टोक उघडायच्या आधी.

नवीन पट्टीचा रोल आला की आता आम्ही आधी दहा-बारा कोर गुंडाळून त्यांची ती तीन स्पीडची टेस्ट करतो आणि मग प्रोग्राम ठरवतो. आमच्या ह्या रोलला ताशी २४०-२५० बरं पडलं, आधीच्या रोलला ३०० च्या जवळ पडलं होतं. माझा आकडा उचलून तुमच्या भट्टीत घालू नका, तुमचा तुम्ही काढा, एका दिवसाचं काम आहे. काहीजण म्हणतात रेझिस्टन्स मोजून पंगत किती लागली ते कळतंय. नुसत्या निकेल-लोखंडात खरं आहे, मांडणी लागली की रेझिस्टन्स उतरतो, पण मॉलिब्डेनम असलं की तो उलट चढू पण शकतो, त्यामुळं मी त्या नादाला लागत नाही, इंडक्टन्सच मोजतो.

एवढं सगळं करून पण एक लॉट पडला होता, त्याचं कारण वाचून हसाल. भट्टीतनं पास झालेले, एकेक मोजलेले, आणि गिऱ्हाईकाकडं पोचल्यावर ३.५. पोरानं ते उघडेच कोर खोक्यात एकावर एक भरून टेम्पोत मागं टाकले होते, खानापूर रोडचे खड्डे, वरनं आणि तिसऱ्या रेल्वे गेटजवळ ब्रेक. अ‍ॅनील केलेला, म्हणजे भट्टीत तापवून गार केलेला, हा माल म्हणजे उकडलेल्या रताळ्यासारखा मऊ, जरा दणका बसला, वाकला, की आत ताण येतो आणि पर्मिअ‍ॅबिलिटी जाते. हा ताण ६०० च्या टेस्टला थोडाफार निघतो, त्यामुळं इथं टेस्ट फसवू शकते, माल थोडा सुधारला की माणूस "अरे पंगतच लागली होती" म्हणून मोकळा होतो. म्हणून मोजायचं भट्टीच्या दारात, हात लागायच्या आधी, आणि परत पॅकिंगच्या आधी. आता प्लॅस्टिकच्या डबीत खाली फोम घालूनच पाठवतो.

हे निकेलवाल्यांचं झालं. शिनोळीला माझा एक दोस्त आहे, हद्द ओलांडली की चंदगड तालुका, त्याच्याकडं लोखंड-कोबाल्टच्या पट्टीचं काम येतं, निम्मं-निम्मं आणि २ टक्के व्हॅनेडियम, मोटारींच्या पत्र्यांसाठी. त्याचा फोन, "पट्टी पापडासारखी मोडायलीय, तुझ्यासारखं हळू गार केलं नाही तरी." त्याचं प्रकरण वेगळं आहे, पण भाऊबंदकी तीच. तिथं मांडणी लागते ती साधारण ७३० च्या खाली आणि ती फार झपाट्यानं लागते, कोपऱ्यावर एक आणि मध्यभागी दुसरा, आणि मांडणी लागलेला माल ठिसूळ. म्हणून पट्टी बनवणारे तो वरनं एकदम थंडगार मिठाच्या पाण्यात बुडवतात, विस्कळीतच ठेवतात, तेव्हा कुठं तो रोल होतो. तुमच्याकडं आलेली पट्टी त्या अवस्थेतली असते, म्हणजे पंचिंग, वाकवणं जे काय करायचं ते आधी करा, अ‍ॅनील शेवटी. दोस्तानं आधी अ‍ॅनील केलं होतं, "मऊ होईल, डाय कमी झिजेल" म्हणून. साध्या सिलिकॉन स्टीलला चालतं ते डोकं, इथं नाही. आणि शेवटच्या अ‍ॅनीलला ८५० च्या आसपास थांबायचं, ९०० च्या दिशेनं गेलात तर आतली रचनाच बदलते आणि चुंबकीय गुण बिघडतात.

सिलिकॉनचं नाव आलंच आहे तर, साडेसहा टक्के सिलिकॉनचा माल पण ह्याच घराण्यातला, मांडणी लागते म्हणून ठिसूळ, म्हणूनच ट्रान्सफॉर्मरला आपण ३ टक्केवाला वापरतो ज्याच्यात ही कटकट नाही. ट्रान्सफॉर्मरवाले मला विचारतात "आमच्या पत्र्याला पण स्पीड बघायचा का", तर तुमच्याकडं अ‍ॅनील ताण काढायला असतं, हळूच गार करा, बिनधास्त.

ह्या वर्षीचा हिशोब सांगतो. जूनपासून एकवीस लॉट झाले, तीनदा लाईट त्या मधल्या पट्ट्यात गेली, त्यातले दोनदा जनरेटरनं सांभाळलं, एकदा जनरेटरची बॅटरी उतरलेली म्हणून ६५० ला परत चढवायला लागलं, तो लॉट पण ५.४ आला. एक लॉट फेल, तो टेम्पोवाला. रात्रपाळीवाल्यानं परवा रजिस्टरात लिहिलंय, "करेंट होयितु, मत्ते ६५०, सरी आयितु". परत ६५०, बरोबर झालं. आता ते वाचायला मला त्याला शेजारी बसवायला लागत नाही.

कुणाच्या भट्टीत झटकन, मधलं आणि हळू तिन्ही स्पीडला आकडे सारखेच येत असतील तर मला पट्टीचं सर्टिफिकेट आणि कोरचं माप लिहा, तशी केस माझ्याकडं अजून आलेली नाही आणि बघायची आहे.